वऱ्हाडाला पिण्याच्या पाण्याचा कायदा हवा

मा. पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस

विषय : पिण्याच्या पाण्याचा हक्क देणारा राज्याचा कायदा करण्याबाबत

महोदय,



हे पत्र मी दर्यापूर तालुक्यातून लिहिते आहे. टँकर मागण्यासाठी किंवा एखाद्या रखडलेल्या टाकीची चौकशी करण्यासाठी लिहीत नाही. तसे अर्ज आपल्या टेबलावर पुष्कळ असतील. मला आपल्याला एकच प्रश्न विचारायचा आहे आणि तो चारचौघांत विचारायचा आहे, म्हणून हे पत्र खुले. आम्ही वऱ्हाडातली माणसे प्यायला पाणी मागतो, तेव्हा आमच्या हक्काचे मागतो की सरकारची मेहेरबानी मागतो? हक्काचे असेल, तर तो हक्क कोणत्या कायद्यात लिहिला आहे आणि तो मिळाला नाही तर दाद कोणत्या दारी मागायची?

आमचा खारपाणपट्टा आपल्याला नकाशावर ठाऊक आहेच. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत तो पसरला आहे. दर्यापूर, अंजनगाव, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर अशा तालुक्यांतली सुमारे नऊशे गावे त्यात येतात. इथे गाळाचे थर शेकडो मीटर खोल गेले आहेत आणि त्यातले पाणी खारे आहे. बोअर आणखी खोल नेला म्हणून ते गोड होत नाही. बरेचसे गोड पाणी उत्तरेकडून, सातपुड्याच्या डोंगरातून येते. त्यामुळे धरणे डोंगराच्या पायथ्याशी आणि तहानलेली गावे खाली मैदानात, अशी आमची रचना आहे. मराठवाड्यात विहीर कोरडी पडली की टंचाई डोळ्यांना दिसते. आमच्या विहिरीत पाणी दिसते, म्हणून टंचाईच्या कागदात गाव बसवणेही अवघड जाते.

हे पाणी घरात काय करते, ते सांगते. डाळ कुकरला लावली तर कितीही शिट्ट्या झाल्या तरी दाणा मऊ होत नाही. चहाचे दूध फाटते. साबणाला फेस येत नाही. स्टीलच्या गुंडाला आतून पांढरा थर धरतो आणि तो राखेने घासूनही निघत नाही. तेच पाणी बांधकामाला वापरले की भिंतीला लोणा लागतो. म्हणून आमच्या स्वयंपाकघरात पाण्याची भांडी दोन जागी असतात. दाराजवळच्या ड्रममध्ये सांडायचे, घासायचे, अंघोळीचे खारे पाणी, आणि आत ओट्यावर झाकून ठेवलेला गोड पाण्याचा माठ. नव्या सुनेला पहिल्याच दिवशी सांगतात की या माठात ड्रमचा गडू बुडवायचा नाही. पाहुण्याला आधी पाणी विचारण्याची आपली रीत आहे. ती पाळताना आमच्या बाईची नजर माठाच्या तळाकडे जाते.

भारतीय मानक आय.एस. 10500 सांगते की पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यावे. आमच्या पट्ट्यातले कित्येक बोअर ही दुसरी वेसही ओलांडतात. मुतखडा आणि मूत्रपिंडाच्या दुखण्याची तक्रार इथे घरोघर ऐकू येते. ज्याला परवडते तो आरओ यंत्राचे कॅन घेतो. रोज दहा रुपयांचे पाणी धरले, तरी वर्षाला 3650 रुपये होतात. मजुरी करणाऱ्या घराला ही पाणीपट्टीवरची दुसरी पाणीपट्टी आहे, आणि ती कोणत्याही ग्रामपंचायतीच्या पावतीवर दिसत नाही.

सरकारने काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. वान धरणावरची 84 खेडी योजना, काटेपूर्णेच्या पाण्यावरची खांबोऱ्याची 64 खेडी योजना, शहानूर धरणावरची दर्यापूर-अंजनगावकडची 156 गावांची योजना, यांनी हजारो घरांत पहिल्यांदा गोड पाणी आणले. 15 ऑगस्ट 2019 रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज 55 लिटरचे माप ठरवले, तेही चांगलेच झाले. परंतु ही सारी कामे योजना आहेत. योजनेला मुदत असते, निधी असतो, ठेकेदार असतो आणि स्थगितीही असते. जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या गावात दहा-पंधरा दिवसांनी पाणी आले, तर त्या गावातल्या बाईला कोणत्या कलमाखाली तक्रार करायची, हे तिला कोणी सांगू शकत नाही. कारण तसे कलमच नाही.

आता आपले विधी सल्लागार म्हणतील, पाण्याचा हक्क तर आहेच. खरे आहे. 1991 मध्ये सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा यांचा उपभोग संविधानाच्या अनुच्छेद 21 मधल्या जीविताच्या हक्कात धरला. त्याआधी 1981 मध्ये फ्रान्सिस कोरॅली मुलिन खटल्यात न्यायालयाने म्हटले होते की जगणे म्हणजे नुसता श्वास चालू असणे नव्हे. अन्न, वस्त्र, निवारा या किमान गरजा त्यात येतात. चमेली सिंग खटल्यात या यादीत पाणीही आले. 28 जुलै 2010 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पाणी हा मानवी हक्क असल्याचा ठराव केला, तेव्हा भारताने बाजूने मत दिले. आणि डिसेंबर 2014 मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने मुंबई महापालिकेला सांगितले की झोपडी अनधिकृत असली, तरी तिच्यात राहणाऱ्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही.

हे निकाल मोलाचे आहेत. पण ते वकिलाच्या कपाटात आहेत आणि त्यांच्यात तीन गोष्टी नाहीत: रोज किती लिटर, किती दिवसांत आणि न मिळाल्यास जबाबदार कोण. दक्षिण आफ्रिकेचा अनुभव इथे उपयोगी पडतो. त्या देशाच्या संविधानाच्या कलम 27 मध्ये पुरेशा पाण्याचा हक्क थेट लिहिला आहे. सोवेटोमधल्या काही गरीब रहिवाशांनी माणशी रोज 50 लिटर मागितले. 2009 मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने आकडा ठरवायला नकार दिला आणि 25 लिटरचे सरकारी धोरण वाजवी मानले. किती पाणी द्यायचे हे ठरवणे सरकारचे आणि विधिमंडळाचे काम आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. संविधानात स्पष्ट हक्क असूनही जर आकडा कायदेमंडळाकडूनच यायचा असेल, तर आमच्यासारख्यांनी न्यायालयाच्या पायऱ्या किती झिजवायच्या? म्हणून मी हे पत्र न्यायमूर्तींना न लिहिता मंत्र्यांना लिहिते आहे.

आपल्या महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. महात्मा फुल्यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा त्यांना तसे सांगणारा कोणताही कायदा नव्हता. निर्मिकाने स्त्री-पुरुषांना सारखेच हक्क दिले आहेत, ही त्यांची श्रद्धा होती. कायद्याच्या आधी माणसाचा हक्क असतो, हा विचार मराठी मातीत दीडशे वर्षांपूर्वी असा एका हौदाच्या काठावर आचरणात आला.

पण नैसर्गिक हक्क मानणारा एक थोर माणूस असला म्हणून गावोगावची विहीर खुली होत नाही, हेही आपल्याला महाडने शिकवले. 1923 मध्ये मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव झाला. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. दोन्ही ठराव कागदावर राहिले. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले, तेव्हा ओंजळीत पाणी आले. नंतर दावा गुदरला गेला आणि दहा वर्षांनी, 17 मार्च 1937 रोजी, उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. त्या निकालाचा आधार माणसाची तहान हा नव्हता. तळ्यावर बंदी घालणारी रूढी अनादी काळापासून चालत आल्याचे सिद्ध झाले नाही, एवढाच होता. हा हक्क नैसर्गिक होता, ठरावात उतरला होता, तरी त्याला बजावणारी यंत्रणा नव्हती. म्हणून माणसांना मार खावा लागला आणि न्यायालयात दहा वर्षे काढावी लागली.

आमच्या अमरावतीचा वाटाही यात आहे. पापळच्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी अंबादेवी मंदिराच्या प्रवेशासाठी आवाज उठवला आणि 1928 मध्ये जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. पुढे ते संविधान सभेत बसले. त्या सभेने अनुच्छेद 15 मध्ये लिहून ठेवले की विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या वापरापासून कोणालाही जात, धर्म, लिंग यांमुळे रोखता येणार नाही. हा मूलभूत हक्क आहे, न्यायालयात बजावता येतो.

महोदय, माझे सारे म्हणणे या एका अनुच्छेदाशी येऊन थांबते. विहिरीवर जाण्याचा हक्क संविधानाने आम्हाला दिला. त्या विहिरीत पिण्याजोगे पाणी असण्याचा हक्क मात्र अजून कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. लोकांचे पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे अनुच्छेद 47 सांगतो. परंतु अनुच्छेद 37 सांगतो की मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयामार्फत बजावता येणार नाहीत. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी याचे उत्तर दिले होते. ही तत्त्वे पायदळी तुडवणाऱ्या सरकारला न्यायालयात जाब द्यावा लागणार नाही कदाचित, पण निवडणुकीत मतदारांपुढे नक्की द्यावा लागेल, अशा अर्थाचे ते बोलले. मतदार म्हणून तो जाब मी आज मागते आहे.

हक्क आणि योजना यांतला फरक जीवावर कसा बेततो, हे जुलै 2022 मध्ये मेळघाटाने पाहिले. चिखलदरा तालुक्यातल्या कोयलारी आणि पाचडोंगरी या आदिवासी गावांत दूषित विहिरीचे पाणी पिऊन पटकीची साथ पसरली, शेकडो माणसे आजारी पडली, काहींचा जीव गेला. थकलेल्या वीजबिलामुळे नळयोजनेचा वीजपुरवठा तोडलेला होता, हे तेव्हा समोर आले. वीज कंपनीला बिल वसूल करण्याचा अधिकार कायद्याने आहे. गावकऱ्याला पाणी मिळण्याचा अधिकार कायद्याने नाही. दोन्ही बाजू एकमेकींसमोर आल्या, तेव्हा लिहिलेला कायदा जिंकला आणि तहानलेली माणसे उघड्या विहिरीवर गेली. पाण्याचा हक्क कायद्यात असता, तर बिलाची वसुली ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि शासन यांच्यात चालू राहिली असती आणि पंप सुरू राहिला असता.

दुसरे उदाहरण अकोला जिल्ह्यातले आहे. बाळापूर मतदारसंघातल्या खारपाणपट्ट्यातील 69 गावांसाठी वान धरणातून पाणी देण्याची योजना मंजूर झाली आणि मग तिला स्थगिती मिळाली. एप्रिल 2023 मध्ये आमदार नितीन देशमुख गावकऱ्यांसह खाऱ्या पाण्याचे टँकर घेऊन अकोल्याहून पायी नागपूरकडे निघाले. ते पाणी तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि अकोल्याचे पालकमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या दारी न्यायचे होते. नागपूरच्या वेशीवर पोलिसांनी यात्रा अडवली.

यात दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्यांनी वान धरणाच्या पाण्यावर संत्री, कापूस, हरभरा उभा केला आहे. अकोला शहर, अकोट, तेल्हारा, संग्रामपूरकडची गावे, असे एकेक आरक्षण त्याच धरणावर चढत गेले. सिंचनाचे पाणी कमी झाले की त्यांच्या पोटावर पाय येतो, म्हणून त्यांनीही आंदोलने केली. त्या 69 गावांची तहान आणि तेल्हाऱ्याचे पीक यांना एकमेकांच्या उरावर बसवण्याचे कारण एवढेच की वाटप कोणत्या नियमाने होते, ते कुणालाच दिसत नाही. राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याला पहिला क्रम आहे. पण नीती बंधनकारक नसते. अमरावती जिल्ह्यात ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी नांदगाव पेठच्या औष्णिक वीजप्रकल्पाला द्यायचे ठरले, तेव्हाही शेतकऱ्यांना रस्त्यावर यावे लागले होते. मंजुरी एका सहीने, स्थगिती दुसऱ्या सहीने आणि मधल्या काळात गाव आरओच्या रांगेत, हे कायद्याचे राज्य म्हणता येणार नाही.

हक्क दिला तर पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न मंत्रालयात पहिला निघेल. महाराष्ट्रानेच त्याचे उत्तर एकदा दिले आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेचा 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, मुदतीत काम मिळाले नाही तर भत्ता, असा तो कायदा. त्याच्या खर्चासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला गेला आणि त्यांनी तो भरला. संविधानात कामाचा हक्कही अनुच्छेद 41 मध्ये, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांतच होता. तरी महाराष्ट्राने देशाच्या कितीतरी आधी तो कायद्यात उतरवला, आणि पुढे संसदेने 2005 मध्ये देशासाठी तसा कायदा केला. शिक्षणाचेही तेच: मार्गदर्शक तत्त्वातून ते 2002 मध्ये मूलभूत हक्कात आले आणि 2009 मध्ये त्याचा कायदा झाला. अन्नाचा कायदा 2013 मध्ये आला. काम, शिक्षण आणि अन्न यांना कायद्याचा आधार मिळाला; या तिन्हींच्या आधी लागणाऱ्या पाण्याला अजून मिळालेला नाही.

अधिकाराचीही अडचण नाही. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत पाणी आणि सार्वजनिक आरोग्य हे दोन्ही विषय राज्याच्या सूचीत आहेत. दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. उत्पन्नाचा दाखला किती दिवसांत मिळावा, यासाठी या राज्याने 2015 मध्ये लोकसेवा हक्क कायदा केला. दाखल्याला मुदत आहे, तर पाण्यालाही असू शकते.

म्हणून माझी मागणी मोघम नाही. कायद्यात एवढे असावे.

पहिले, माणशी रोज किमान 55 लिटर पाणी आणि पिण्याच्या पाण्याला आय.एस. 10500 चा दर्जा, हे दोन्ही कलमात लिहिले जावे. ‘पुरेसे’ आणि ‘शक्यतो’ असे शब्द त्यात नकोत.

दुसरे, खारे किंवा दूषित पाणी असलेले गाव पाणी उपलब्ध असूनही टंचाईग्रस्त मानले जावे.

तिसरे, तक्रारीनंतर 15 दिवसांत पाणी मिळाले नाही तर कुटुंबाला पाणीभत्ता द्यावा. तो रोजच्या कॅनच्या किमतीइतका असला तरी चालेल, पण जबाबदार अधिकाऱ्याचे पद कायद्यात नोंदलेले असावे.

चौथे, वीजबिलाच्या थकबाकीपोटी पिण्याच्या पाण्याच्या योजनेची वीज तोडण्यास बंदी असावी.

पाचवे, धरणातले आरक्षण बदलायचे असेल तर लाभ मिळणाऱ्या आणि पाणी गमावणाऱ्या, दोन्ही बाजूंच्या ग्रामसभांची जाहीर सुनावणी व्हावी, आणि सिंचन गमावणाऱ्या शेतकऱ्याला भरपाई मिळावी.

सहावे, प्रत्येक गावाच्या पाण्याचा तपासणी अहवाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दर तिमाहीला लागावा आणि खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या आजारांची नियमित तपासणी सरकारी खर्चाने व्हावी.

उन्हाळा लागला की अकोला-अमरावतीच्या चौकांत पाणपोया उघडतात. गाडगेबाबांनी तहानलेल्याला पाणी देणे हीच पूजा मानली आणि आमच्या भागातल्या माणसांनी ती शिकवण सोडलेली नाही. पाणपोई घालणाऱ्याचे आम्ही उपकार मानतो आणि मानत राहू. सरकारचे मात्र उपकार मानण्याची वेळ येऊ नये, कारण तिथे आम्ही पांथस्थ नाही, नागरिक आहोत.

नागपूर कराराप्रमाणे विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी विदर्भात भरते. येत्या हिवाळी अधिवेशनात हे विधेयक मांडावे, ही आपल्याला विनंती. वऱ्हाडातल्या सर्व पक्षांच्या आमदारांनी तिथे या एका विषयावर एकत्र बसावे. खाऱ्या पाण्याला पक्ष नसतो. आणि हे पत्र वाचणाऱ्या माझ्या भागातल्या बायाबापड्यांना, तरुणांना सांगणे आहे: पुढच्या ग्रामसभेत पाण्याचा कायदा मागणारा ठराव मांडा, तो इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची एक प्रत आपल्या आमदाराला पोचवून पोच घ्या.

कळावे,

आपली,
दर्यापूर तालुक्यातील एक मतदार